मिंडामावशी आणि उसन्या बाटल्या

मिंडामावशीला हळू बोलता येत नसे. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्याला लागून आमचं हेरॉन बेट. त्याच्या एका टोकाला उभी राहून ती आजाऱ्याला "गिळ!" म्हणाली, की दुसऱ्या टोकाला चिखलात कालवं काढत बसलेला धडधाकट माणूससुद्धा दचकून आवंढा गिळायचा.

गुलामीच्या दिवसांत ती मळ्यावरच्या आजारघरात असायची. आजारघर म्हणजे एक गळकं खोपटं, झोपायला फळ्या आणि एरंडेलाचा बुधला. ताप आला, एरंडेल. पाय मोडला, एरंडेल. मालकाचं गणित सरळ होतं. एरंडेल पिऊनही जो शेतात जायला उठत नाही, तो खरा आजारी. पाजायचं काम मिंडामावशीकडे. अख्ख्या बेटाची नाकं तिनं दाबलेली होती, त्यामुळं ती समोरून आली की लोक आधी नाक झाकत आणि मग खुशाली विचारत.

सुटका झाली त्या दिवशी शिपायांनी कागद वाचून दाखवला. कुणी रडलं, कुणी नाचलं, कुणी विकल्या गेलेल्या बायकोला शोधायला अंगावरच्या कपड्यांनिशी चालू पडलं. मावशीचा शेजारी क्वाश मात्र तिच्या दारात येऊन उभा राहिला, ओठ गच्च मिटून. दातांच्या फटीतून म्हणाला, "मिंडा, आजपासून माझं तोंड माझं." एवढं बोलून गेला. मावशीला राग आला नाही. तिनं बुधला उचलला आणि खाडीत रिकामा केला. त्या आठवड्यात खाडीतल्या माशांचे काय हाल झाले ते विचारू नका.

पण पुढच्याच उन्हाळ्यात हिवताप आला, आणि तेव्हा हसू आटलं. मालक पळालेले, डॉक्टर नाही, पोटात धड भाकरी नाही. माणसं हुडहुडी भरून पडायची ती उठायची नाहीत. मावशी दारोदार फिरायची, पण हातात काय होतं तिच्या? नुसता आवाज. आवाजानं ताप उतरत नाही. त्या उन्हाळ्यात तिनं जेवढी माणसं पुरली तेवढी सबंध गुलामीत पुरली नव्हती, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं ते लागलंच.

म्हणून थंडीच्या तोंडाशी सरकारनं आमच्यासाठी डॉक्टर धाडला तेव्हा मावशी धक्क्यावर सगळ्यात पुढं उभी होती. होडीतून उतरला एक काडीसारखा गोरा पोरगा, समुद्र लागून हिरवा पडलेला. नाव प्रुइट. उतरल्याबरोबर धक्क्यावरचा बेडूक बघून परत होडीत चढला. मावशीनं त्याला दंडाला धरून खाली आणलं.

"घाबरू नका डॉक्टरसाहेब, तो चावत नाही. मी चावते."

"आपलं नाव?" त्यानं कसंबसं विचारलं.

"मिंडा. आडनाव ग्रीन, आम्ही नवीनच घेतलंय."

"बरं झालं भेटलात, मिसेस ग्रीन."

मावशीनं वळून मागं बघितलं. तिला वाटलं, कुणी गोरी बाई आली की काय!

जुन्या जिनमध्ये, जिथं कापसाची सरकी काढायचे तिथं, दवाखाना उघडला. मावशी झाली तिथली नर्स. डॉक्टर मागच्या खोलीत औषधं कालवायचा, बाटलीत भरायचा आणि बाटलीवर सुबक अक्षरात नाव लिहून चिकटवायचा. पहिली बाटली क्वाशची. पोटदुखीची. त्यानं ती घरी नेण्याआधी फिबीकडे नेली. फिबी साठी उलटल्यावर शाळेत जायला लागली होती आणि बेटावर जे जे छापलेलं किंवा लिहिलेलं असेल त्यावर बोट ठेवून वाचत सुटायची. तिनं अक्षर अक्षर लावलं, "मि-स्टर... मिस्टर क्वाश रिव्हर्स. रोज रात्री एक चमचा."

"काय म्हणालीस?"

"रोज रात्री एक चमचा."

"त्याच्या आधी!"

"मिस्टर क्वाश रिव्हर्स."

क्वाशनं तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. शेवटी फिबीचा घसा बसला आणि तिलाही बाटली लागली. तिच्या बाटलीवर होतं मिसेस फिबी.

झालं! बेटावर अशी साथ आली म्हणता, की विचारता सोय नाही. ज्याला त्याला पोटदुखी. मंगळवार हा दवाखान्याचा वार, त्या दिवशी रांग पार रताळ्यांच्या वाफ्यापर्यंत जायची. सहा फुटी गडी पोट धरून यायचे आणि बाटली मिळाली की शीळ वाजवत जायचे. औषध मावशी स्वतःच्या नजरेखाली प्यायला लावायची, निदान पहिला चमचा तरी. लोक भोवती कोंडाळं करून पिणाऱ्याचं तोंड बघायचे. कुणी डोळे फिरवायचा, कुणी जमिनीवर लोळायचा. सगळ्यात वाकडं तोंड क्वाश करायचा. त्याचं तोंड बघायला पलीकडच्या मळ्यावरून माणसं येत.

"औषध कडू पाहिजे," मावशी ठणकावून सांगायची. "कडू नाही ते औषध कसलं!"

औषध संपायचं, पण बाटली काही परत येत नसे. जित्या माणसाची बाटली चुलीवरच्या फळीवर, मधोमध. आणि माणूस गेलं तर त्याच्या कबरीवर. आमच्यात तशी रीत आहे. माणसानं शेवटी वापरलेली वस्तू, मग तो पेला असो, चमचा असो, दिवा असो, त्याच्या उशाशी ठेवायची. नाही ठेवली तर ती मागायला तो घरी येतो. आणि एकदा ठेवली की ती त्याची. तिला हात लावायचाच असेल तर मोठ्यानं विचारून लावायचा. वस्तू ठेवताना जरा फोडून ठेवतात, म्हणजे ती त्याच्या मागोमाग जाते, पण डॉक्टरची बाटली फोडायला कुणाचा हात धजेना. मावशीनं निवाडा दिला, "बूच लावून अख्खी ठेवा. मेलेल्यांना कसली आलीय घाई?"

यातलं डॉक्टरला कुणी काही सांगितलं नव्हतं. जे सगळ्यांनाच ठाऊक असतं ते सांगतं कोण? तो आपला किनाऱ्यापलीकडच्या सरकारी कचेरीकडे पुन्हा पुन्हा बाटल्या मागायचा. शेवटी उन्हाळा तोंडावर आला आणि तो पडक्या चेहऱ्यानं मावशीकडे आला.

"मिसेस ग्रीन, आपण अडचणीत आहोत. कॅप्टन टटल येताहेत तपासणीला. कचेरीला वाटतंय, बाटल्या मी दारूवाल्यांना विकतो. कॅप्टनचं समाधान झालं नाही तर दवाखाना बंद, आणि तापाच्या दिवसांसाठी मी हिवतापावरचं जे कोयनेल मागितलंय ते येणार नाही."

कोयनेल नाही म्हणजे पुन्हा तो उन्हाळा.

"मग काय करायचं, साहेब?"

"कॅप्टनला बाटल्या दिसल्या पाहिजेत. सगळ्या. स्वच्छ. आल्या आल्या दिसल्या पाहिजेत."

"एवढंच ना? सोडा माझ्यावर!"

आता बघा, दुसऱ्या कुणी बाटल्या दवाखान्यात फळीवर मांडल्या असत्या. मावशीनं असला कोता विचार केला नाही. बेटावर मानाची जागा कुठली? ओक झाडांखालचं कबरस्तान. आपल्या डॉक्टरची लोकांना किती कदर आहे हे कुठं दिसतं? तिथंच! फक्त तिथल्या बऱ्याच कबरी डॉक्टर येण्याच्या आधीच्या, त्यांच्यावर नुसते पेले आणि शिंपले. तो देखावा मावशीला दळभद्री वाटला. तिनं घरोघर हाळी दिली, "आपापल्या बाटल्या घेऊन या आणि आपापल्या माणसांच्या कबरीवर ठेवा. संध्याकाळपर्यंत उसन्या!"

क्वाशला घाम फुटला. "मिंडा, माझ्या नावाची बाटली बापाच्या कबरीवर? त्याला वाटेल मीच आलोय राहायला. ओढून नेईल मला!"

"मग सांग ना त्याला नीट! तोंड आहे ना तुझं?"

म्हणून कॅप्टन येणार त्या दिवशी सकाळी कबरस्तानात जे चाललं होतं ते बघण्यासारखं होतं. जो तो कबरीशी वाकून समजावतोय. "आई, ही माझी आहे हां, उसनी. नावावर जाऊ नको." "काका, संध्याकाळी परत नेणार, नंतर तक्रार नको." क्वाश बापाच्या कबरीसमोर टोपी काढून ओरडत होता, कारण म्हातारा जिवंतपणीच बहिरा होता. "बाबा! मी मेलेलो नाही! पुन्हा सांगतो, मेलेलो नाही!"

मावशीनं एकेक बाटली फडक्यानं पुसली. ओळीतल्या शेवटच्या कबरीजवळ ती थांबली. तिथं तिची आई होती, जूबा. तिथली बाटली उसनी नव्हती. थंडीत एकदा मावशी दवाखाना झाडून झाल्यावर डॉक्टरपुढं जाऊन उभी राहिली होती, आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलली होती. "साहेब, एक बाटली माझ्या आईसाठी द्याल? तिला ताप होता." डॉक्टरला ठाऊक होतं, तिची आई गुलामी संपवणाऱ्या लढाईच्या आधीच त्या आजारघरात गेली ते. त्यानं काही विचारलं नाही. मागं गेला आणि भरलेली बाटली घेऊन आला. मिसेस जूबा ग्रीन. मावशीनं ती बूचसुद्धा न हलवता आणून ठेवली होती.

दुपारी कॅप्टनची होडी लागली. लाल मानेचा, जाडजूड, कपाळाला कायम आठी. मावशी धक्क्यावर हजर.

"ए बाई, दवाखाना कुठं आहे?"

"इकडून, साहेब," म्हणत मावशीनं त्याला ऐटीत कबरस्तानात नेलं.

ऊन झाडांतून खाली येत होतं आणि सगळ्या बाटल्या लखलखत होत्या. कॅप्टन जागच्या जागी थबकला. एका बाटलीपाशी वाकला. दुसऱ्या. तिसऱ्या. प्रत्येकीवर तेच अक्षर, डॉक्टर प्रुइटचं. त्याच्या मानेचा लाल रंग उतरत गेला. मावशीला वाटलं, गहिवरला बिचारा.

"हे सगळं... एका डॉक्टरनं केलं?"

"एकट्यानं, साहेब!" मावशीची छाती फुगली. "रात्रंदिवस राबतो. मंगळवारी तर रांग लागते."

"रांग!"

"आवरत नाही गर्दी. मी धरून ठेवते एकेकाला आणि पाजते. माझ्या हातून एकही सुटलेला नाही!"

कॅप्टननं झाडाला हात टेकला. "आणि कुणी काही बोललं नाही?"

"बोलतील कशाला? खूश आहेत सगळे. आता कोयनेल आलं की आणखी जोरात करू."

"कोयनेल?" कॅप्टन ओरडला. "एक थेंब मिळणार नाही! कुठं आहे तो खाटीक? या बेटावर जिवंत कुणी उरलंय का?"

तेव्हा कुठं मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिची पाचावर धारण बसली. एवढा घोळ घातला तो आपणच, आपल्याच हातांनी, फडक्यानं पुसून पुसून! तिनं तोंड उघडलं तर आवाज फुटेना. मिंडामावशीचा आवाज फुटेना! बेटावर असं कधी घडलं नव्हतं.

कॅप्टन बोटानं बाटली दाखवत होता. "हा बघा! मिस्टर क्वाश रिव्हर्स! काय वय असेल बिचाऱ्याचं?"

"पन्नाशी उलटली, साहेब," क्वाश झाडामागून पुढं येत म्हणाला. "पण दिसत नाही म्हणतात लोक."

कॅप्टन किंचाळला आणि मागच्या मागं एका कबरीवर बसला. क्वाशच्या बापाच्या कबरीवर बसला होता तो! "उठा, साहेब, उठा!" क्वाश कळवळला. "तो बहिरा आहे, पण मेलेला नाही! म्हणजे मेलाय तो, मी नाही मेलेलो! बाटली माझी आहे. त्याला उसनी दिलीय."

मग काय, झाडाझाडांमागून माणसं निघाली. सगळे तमाशा बघायला आधीपासून लपलेले होतेच. कॅप्टन एकेका बाटलीवरचं नाव वाचायचा आणि तो माणूस हात वर करून "हजर" म्हणायचा. फिबी तर स्वतःचं नाव स्वतः वाचून मग हजर म्हणाली. एवढ्यात दवाखान्यातून डॉक्टर धावत आला, वाटेत दोन बेडकांना वळसा घालून.

जी माणसं खरोखर गेली होती त्यांच्या मोजक्या बाटल्या डॉक्टरनं दाखवल्या आणि ती कशानं गेली ते सांगितलं. कॅप्टनच्या जिवात जीव आला, पण आठी पुन्हा चढली.

"म्हणजे हे सगळे ठणठणीत आहेत. आणि या ठणठणीत माणसांना तुम्ही सरकारी औषध वाटलंत?"

डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही, सर. जे खरे आजारी होते त्यांना औषध दिलं. बाकीच्यांना काकवीचं पाणी."

आणि मग जो गलका उठला!

"काकवीचं पाणी?" क्वाश हंबरला. "आणि मी त्याच्यासाठी एवढी तोंडं केली?"

"तरीच म्हटलं गोड का लागतं," कुणीतरी पुटपुटलं.

"मग बोलला का नाहीस?"

"सगळे कडू म्हणत होते! मला वाटलं माझीच जीभ बिघडली, म्हणून आणखी एक बाटली आणली!"

फिबी हसून हसून खाली बसली. आठी असलेला कॅप्टनसुद्धा मिशीवर हात फिरवायला लागला. "पण बाटली कशाला द्यायची?" त्यानं विचारलं. "काकवीचं पाणी तर तिथंच पाजता आलं असतं."

डॉक्टर म्हणाला, "त्यांना पाणी नको होतं, सर. बाटलीवरचं नाव हवं होतं. तेवढं मला देता येण्यासारखं होतं."

सगळे हसत होते, एकटी मावशी हसत नव्हती. तिची नजर ओळीतल्या शेवटच्या कबरीवर होती. तीही काकवीच असणार. का नसावी? मेलेल्या माणसाला कोण खरं औषध देतं? आईनं जन्मभर एरंडेल प्यायलं, आणि आता मेल्यावर काकवीचं पाणी. डॉक्टरचं चुकलं असंही तिला म्हणता येईना, आणि चुकलं नाही असंही.

कॅप्टनचं लक्षही नेमकं तिकडंच गेलं. "ही भरलेली कशी? मिसेस जूबा ग्रीन. हजर?"

कुणी हात वर केला नाही.

"माझी आई आहे," मावशी म्हणाली. "लढाईच्या आधी गेली. तापानं."

"मग हेही काकवीचं पाणी?"

डॉक्टर पुन्हा चष्मा पुसायला लागला. त्याचे कान लालभडक झाले. कॅप्टननं बाटलीकडे हात नेला, आणि मावशीचा गेलेला आवाज एकदम परत आला.

"हात मागं!"

खाडीतले बगळे उडाले. कॅप्टनचा हात हवेतच राहिला.

"ती बाटली तिची आहे. आधी विचारा तिला."

"कुणाला?"

"माझ्या आईला. कबरीवरची वस्तू विचारल्याशिवाय घेत नाहीत. टोपी काढा आणि मोठ्यानं विचारा."

जूबाला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. तिला विकलं तेव्हा विचारलं नाही, तिची मुलं विकली तेव्हा विचारलं नाही, तिच्या घशात एरंडेल ओतताना तर नाहीच नाही. कॅप्टननं मावशीकडे बघितलं, डॉक्टरकडे बघितलं. बेटावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. मग त्यानं सावकाश टोपी काढली. टक्कल उन्हात चमकलं.

"मिसेस जूबा ग्रीन," तो खाकरून म्हणाला, "आपली हरकत नसेल तर... या बाटलीतलं थोडं चाखून बघू का?"

मावशीनं कबरीकडे कान केला. बराच वेळ.

"हो म्हणतेय. पण एकच घोट."

कॅप्टननं बूच काढलं आणि घोट घेतला. आणि त्याचं तोंड! डोळे पांढरे, मिशी एका कानाकडे, हनुवटी दुसऱ्या कानाकडे, मान पुन्हा लालबुंद. तो जमिनीवर पाय आपटत गोल फिरला.

क्वाशनं टोपी काढून छातीशी धरली. "मी हरलो," तो मनापासून म्हणाला.

"कोयनेल!" कॅप्टन थुंकत ओरडला. "अस्सल! प्रुइट, हे काय? भरलेली बाटली, मेलेल्या बाईला?"

"मिसेस ग्रीन म्हणाल्या, आईला ताप होता," डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाला. "तापावर कोयनेल देतात, सर. दुसरं काही लिहून देणं माझ्यानं झालं नाही."

मावशी रडायला लागली. तिचं रडणंही तिच्या बोलण्यासारखंच, लपून राहणारं नव्हतं. पलीकडच्या मळ्यावरचे लोक कुणाला काय झालं म्हणून बघायला आले.

कॅप्टननं बूच घट्ट बसवलं, वाकला, आणि बाटली होती तिथं परत ठेवली, नाव पुढच्या बाजूला करून.

"तापाच्या रोग्याला कोयनेल," तो डॉक्टरला म्हणाला. "उपचार बरोबर आहे. उशीर झाला, पण तो तुमच्यामुळं नाही. तुमचं कोयनेल पुढच्या होडीनं येईल. बाटल्या मात्र येणार नाहीत, काय ते तुमचं तुम्ही बघा." टोपी घालता घालता तो मावशीकडे वळला. "मिसेस ग्रीन, तोंडाची चव जायला काही मिळेल का?"

"काकवी आहे," मावशी नाक पुसत म्हणाली. "भरपूर आहे."

त्या उन्हाळ्यात ताप आला तो आलाच, पण कोयनेल होतं. लोक घरून भोपळ्याचे तुंबे, चहाच्या फुटक्या किटल्या, काय वाटेल ते घेऊन यायचे, आणि डॉक्टर त्या तुंब्यांवरही मिस्टर, मिसेस लिहून चिकटवायचा. मावशी नाक दाबायची, "गिळ!" म्हणायची, आणि माणसं उठून घरी जायची.

पण ते पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी सगळे आपापल्या बाटल्या मेलेल्या माणसांकडून परत मागून घेत होते. क्वाशनं तेवढी आपली बाटली, तळाशी उरलेल्या चार थेंबांसकट, तिथंच सोडली. म्हणाला, म्हाताऱ्याला गोड आवडायचं. सगळे गेल्यावर मावशी आईच्या कबरीशी बसली. बाटली उचलण्याआधी तिनंही विचारलं, मग बूच काढून करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. तिचं तोंड वाकडं झालं. ती कबरीवर वाकली आणि हळू म्हणाली, "कडू आहे गं आई. अगदी खरं कडू आहे."